संसाराचा हिशेब शाळेतच शिकावा

रायपूर रेल्वेस्थानकाच्या पलीकडे वसलेली गुढियारी ही धान्य-किराण्याच्या घाऊक व्यापारासाठी ओळखली जाणारी वस्ती आहे. पोत्यांची चढउतार, वजनकाट्यापुढील गर्दी, उधारीच्या वह्या आणि भावातील रोजचा चढउतार हे येथील नित्याचे दृश्य. मालाची प्रत पारखणे, ठोक व किरकोळ भावांतील फरक ओळखणे, खेळत्या भांडवलाची जुळणी करणे इत्यादी अर्थशास्त्रातील अनेक संकल्पना या बाजारात प्रत्यक्ष वावरत असतात. अशा बाजाराच्या सावलीत वाढणारी मुले शाळेत मात्र याच संकल्पना केवळ पाठ्यपुस्तकातून, परीक्षेपुरत्या शिकतात.

याचा परिणाम कोणत्याही बँकशाखेत पाहावयास मिळतो. दहावी-बारावी उत्तीर्ण झालेल्या तरुणास मोबाईलवरून पैसे पाठविणे सहज जमते. परंतु धनादेशावर अक्षरी रक्कम लिहिताना, नामनिर्देशनाचा रकाना भरताना किंवा कर्जाच्या कागदपत्रांतील व्याजदर समजून घेताना त्याची लेखणी अडखळते. वस्तुतः चक्रवाढ व्याजाची उदाहरणे त्याने आठवीतच सोडविलेली असतात. सूत्र पाठ असते. पण ते सूत्र स्वतःच्या घरातील हप्त्याला लावावयाचे असते, हे त्यास कोणी सांगितलेले नसते. आहाराचेही तसेच. लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय होतो, हे विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेत अचूक लिहिणारी मुलगी स्वतःच्या ताटाकडे त्या दृष्टीने पाहतेच असे नाही.

ज्ञान आणि जीवन यांमधील हे अंतर कमी करण्याचे काम माध्यमिक शाळेत ज्या विषयाने करावयाचे, तो विषय म्हणजे गृहशास्त्र. या विषयाचे खरे स्वरूप काय, आपल्या प्रदेशात त्याचे कोणते प्रयोग झाले, त्यांतील काही का मावळले व एक का टिकला, आणि पालक, शिक्षक व बँक या नात्याने आपणास काय करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गृहशास्त्र : अर्थ आणि गैरसमज

गृहशास्त्र म्हणजे पाककृती आणि भरतकाम, असा समज सर्वत्र रूढ आहे. प्रत्यक्षात आहार व पोषण, वस्त्रांची निवड व निगा, कौटुंबिक अर्थव्यवस्था, बालसंगोपन, आरोग्य व स्वच्छता, घरातील साधनांचे व्यवस्थापन आणि ग्राहकाचे हक्क इतकी या विषयाची व्याप्ती आहे. ‘इकॉनॉमी’ हा शब्द ज्या ग्रीक ‘ओइकोनोमिया’ या शब्दापासून आला, त्याचा मूळ अर्थ ‘घराचे व्यवस्थापन’ असाच आहे. राष्ट्राच्या अर्थव्यवस्थेस नाव मिळाले ते घराच्या व्यवस्थेवरून. तेव्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यानेही गृहशास्त्रास आपल्या विषयाचे मूळ घर मानावयास हरकत नाही.

महाराष्ट्रात या विषयास उच्च शिक्षणात मानाचे स्थान देण्याचे श्रेय महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याकडे जाते. जपानमधील महिला विद्यापीठाच्या माहितीवरून प्रेरणा घेऊन त्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठाची स्थापना केली. मातृभाषेतून शिक्षण आणि अभ्यासक्रमात गृहजीवनशास्त्र व आरोग्यशास्त्र यांचा समावेश ही त्याची वैशिष्ट्ये होती. स्त्रियांना विद्यापीठाचे दार उघडणे हेच त्या काळी मोठे धाडस होते, आणि त्या काळाच्या चौकटीत गृहशास्त्र हा मुलींचा विषय ठरला.

पुढे चौकट बदलली, तरी समज बदलला नाही. १९६० च्या दशकात हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मुलांसाठी व मुलींसाठी वेगवेगळा अभ्यासक्रम नसावा, अशी भूमिका घेतली. तरीही अनेक शाळांत मुलींना शिवण आणि मुलांना सुतारकाम ही वाटणी दीर्घकाळ चालू राहिली. मुलगा शिकण्यासाठी किंवा नोकरीसाठी परगावी गेला की या वाटणीची किंमत त्याला मोजावी लागते. खोलीचे भाडे, खानावळीचे पैसे, आजारपण, कपड्यांची निगा या सर्व बाबी त्याच्यासमोर एकाच महिन्यात उभ्या राहतात. मुलीच्या वाट्यास येणारी हानी वेगळी. घर चालविण्याचे कष्ट तिला शिकविले जातात, पण घराच्या पैशाचे निर्णय शिकविले जात नाहीत.

याबाबत जपानचे उदाहरण बोलके आहे. ज्या देशातून कर्वे यांनी प्रेरणा घेतली, त्या देशातही उच्च माध्यमिक स्तरावर गृहशास्त्र पूर्वी मुलींनाच सक्तीचे होते. १९९४ पासून तेथे तो विषय मुलगे व मुली या दोघांसाठी आवश्यक करण्यात आला. फिनलंडमध्ये सातव्या इयत्तेत सर्व विद्यार्थ्यांना गृहशास्त्र शिकावेच लागते. स्वतःचे अन्न शिजविणे आणि स्वतःचा खर्च लिहिणे ही प्रत्येक नागरिकाची गरज आहे, हा विचार त्यामागे आहे.

वर्धा आणि रायपूर : एकाच प्रांतातील प्रयोग

जीवनोपयोगी शिक्षणाचा विचार आपणास परदेशातून आणावयास नको. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी वर्धा व रायपूर हे दोन्ही जिल्हे मध्य प्रांत व वऱ्हाड (पुढे मध्य प्रदेश) या एकाच राज्यात होते आणि त्याची राजधानी नागपूर होती. या राज्यातच भारतातील एक मोठा शैक्षणिक प्रयोग आकारास आला.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाभोवती गुंफलेला अभ्यासक्रम ही तिची सूत्रे होती. डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्यास तपशीलवार रूप दिले. हीच ‘नई तालीम’ होय. सूतकताई, विणकाम, शेती वा सुतारकाम करता करता मुलाने मोजमाप, हिशेब, भूगोल व विज्ञान शिकावे, अशी ही कल्पना. सेवाग्राम येथे आर्यनायकम दांपत्याने ती प्रत्यक्षात आणली.

त्याच सुमारास प्रांताचे शिक्षणमंत्री होते रायपूरचे वकील पंडित रविशंकर शुक्ल. त्यांनी ‘विद्यामंदिर’ योजना मांडली. गावाने शाळेसाठी जमीन द्यावी, त्या जमिनीच्या उत्पन्नातून शिक्षकाचे वेतन भागावे आणि शाळेचा कारभार गावाशी जोडलेला राहावा, असा तिचा आशय होता. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता ही शाळेसाठी स्थायी निधी उभारण्याची योजना होती. फक्त निधी रोख्यांऐवजी शेतजमिनीच्या स्वरूपात होता. योजनेच्या नावावरून वाद झाला. १९३९ मध्ये प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि सरकारचा पाठिंबा सरला. शेतीच्या उत्पन्नावर वेतन अवलंबून ठेवण्यातील जोखीमही उघड आहे, कारण पावसाने ओढ दिली तर शिक्षकाच्या घरची चूलही अडचणीत येणार.

नई तालीम त्या मानाने अधिक काळ चालली, परंतु स्वातंत्र्यानंतर तिचाही विस्तार आटत गेला. कारणे शिकण्यासारखी आहेत. पहिले कारण प्रतिष्ठेचे. हस्तव्यवसायाची शाळा ही गरिबांची शाळा, असा शिक्का बसला आणि सुशिक्षित पालकांनी आपली मुले तेथे घातली नाहीत. दुसरे कारण परीक्षेचे. पुढील शिक्षण व नोकरी यांची दारे ज्या परीक्षेने उघडत, त्या परीक्षेत हाताच्या कामाला स्थान नव्हते. तिसरे कारण अध्यापनाचे. अनेक ठिकाणी टकळी फिरविण्याचा तास वेगळा आणि गणिताचा तास वेगळा राहिला. दोहोंची सांगड घालू शकणारे शिक्षक पुरेशा संख्येने तयार झाले नाहीत.

पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) ‘कार्यानुभव’ सुचविला आणि १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ ही संज्ञा दिली. हेतू उत्तमच होते. परंतु कित्येक शाळांत कार्यानुभवाच्या तासाला भेटकार्डे व तोरणे तयार झाली, ती प्रदर्शनात मांडली गेली आणि वर्षअखेर श्रेणी देऊन विषय संपला. त्या वस्तूला किती खर्च आला, ती कोणी विकत घेईल काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही. सेवाग्राम येथे २००५ मध्ये ‘आनंद निकेतन’ या नावाने नई तालीमची शाळा पुन्हा सुरू झाली, ही मात्र समाधानाची बाब आहे.

पाबळचा धडा

या पार्श्वभूमीवर पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यातील पाबळ या गावचा प्रयोग विशेष लक्षणीय ठरतो. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञानातील शास्त्रज्ञ. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातून डॉक्टरेट, त्यानंतर म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आणि पुढे हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागात वरिष्ठ पद, अशी त्यांची कारकीर्द. निवृत्तीनंतर शहरात न राहता त्यांनी १९८३ मध्ये पाबळ या अवर्षणप्रवण गावी ‘विज्ञान आश्रम’ सुरू केला. २००३ मध्ये त्यांचे निधन झाले. आश्रमाचे कार्य पुढे चालू राहिले.

शाळेत नापास झालेला मुलगा शेतातील पंप दुरुस्त करताना अडत नाही, याचा अर्थ त्याची बुद्धी कमी नसून शिकविण्याची रीत त्याला परकी आहे, अशी डॉ. कलबाग यांची धारणा होती. हाताने काम करीत शिकणे हीच मनुष्याची नैसर्गिक रीत. या विचारातून माध्यमिक शाळांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा कार्यक्रम तयार झाला. आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातील एक दिवस प्रत्यक्ष कामासाठी द्यावयाचा, अशी त्याची रचना आहे.

कार्यक्रमाचे चार विभाग आहेत. ‘अभियांत्रिकी’मध्ये वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम व आराखडे; ‘ऊर्जा व पर्यावरण’मध्ये घरातील वीजजोडणी, सौर उपकरणे, बायोगॅस व जमिनीची मोजणी; ‘शेती व पशुपालन’मध्ये रोपवाटिका, माती परीक्षण, ठिबक सिंचन, जनावरांचा व कोंबड्यांचा आहार; आणि ‘गृह व आरोग्य’मध्ये पोषण, अन्नप्रक्रिया, शिवण, पाण्याची शुद्धता, रक्तगट व हिमोग्लोबिनची तपासणी. मुलगे व मुली चारही विभागांत काम करतात. मुलगी वेल्डिंगचे यंत्र हाती धरते आणि मुलगा चिक्की करतो. नापास व शाळाबाह्य मुलांसाठी आश्रमात स्वतंत्र निवासी पदविका अभ्यासक्रमही आहे.

हा प्रयोग टिकण्याची कारणे शोधली असता पूर्वीच्या तीनही उणिवांची उत्तरे त्यात सापडतात. महाराष्ट्र राज्य मंडळाने हा विषय दहावीच्या परीक्षेत मान्य केला, त्यामुळे कामास गुण मिळाले आणि गुणांबरोबर पालकांची संमतीही मिळाली. शिकविण्यासाठी गावातीलच कुशल कारागीर, शेतकरी व जाणत्या व्यक्ती निदेशक म्हणून घेतल्या गेल्या, त्यामुळे शिक्षकांच्या तुटवड्यावर उपाय निघाला. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे मुलांचे काम गावाच्या खऱ्या गरजेशी जोडले गेले. शाळेचे बाक दुरुस्त करणे, ग्रामस्थांचे रक्तगट तपासणे, रोपे तयार करून विकणे ही कामे कोणाच्या तरी उपयोगी पडणारी आहेत. ती चुकली तर कोणीतरी तक्रार करतो आणि जमली तर पैसे देतो.

बँकेत काम करणाऱ्यास या अभ्यासक्रमातील एक गोष्ट विशेष भावते, ती म्हणजे प्रत्येक कामाचा खर्च काढण्याची शिस्त. लोखंडी मांडणी केली तर सळई किती, वेल्डिंगच्या कांड्या किती, मजुरी किती, याचा हिशेब विद्यार्थी लिहितो. चिक्की केली तर शेंगदाणे, गूळ, इंधन आणि वेष्टन यांची बेरीज करून एका वडीची किंमत काढतो. भेटकार्डाचा कार्यानुभव आणि पाबळची कार्यशाळा यांमधील भेद या हिशेबाच्या वहीत आहे. काम आणि हिशेब एकत्र आले की हस्तकलेचे शिक्षण होते. हिशेब वगळला की ते केवळ मनोरंजन उरते.

पाबळच्या प्रयोगातून स्फुरलेला बहुकौशल्य अभ्यासक्रम पुढे राष्ट्रीय कौशल्य आराखड्यातही आला. भोपाळच्या केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्थेने नववी-दहावीसाठी ‘मल्टी स्किल फाउंडेशन कोर्स’ची पाठ्यपुस्तके तयार केली. तेव्हा छत्तीसगडातील शाळेस हा मार्ग अपरिचित राहण्याचे कारण नाही.

घरातील तीन उदाहरणे

शाळेत कोणता हिशेब शिकवावा, याची तीन उदाहरणे पाहू. यांतील भाव व दर केवळ समजुतीसाठी घेतले आहेत.

*वर्षाचे धान्य :* वर्षाचे तांदूळ एकदम भरून ठेवण्याची पद्धत अनेक घरांत आहे. गुढियारीसारख्या बाजाराजवळ राहणाऱ्यास ती सोयीचीही वाटते. समजा, ठोक बाजारात एक क्विंटल तांदूळ ४,८०० रुपयांस मिळतो आणि किरकोळ दुकानात दर किलोस ५२ रुपये पडतात. वर्षभरात किरकोळ खरेदीस ५,२०० रुपये लागतील. म्हणजे ठोक खरेदीत ४०० रुपये वाचले. परंतु येथेच थांबणे योग्य नाही. साठा हळूहळू संपत जातो, म्हणून सरासरी निम्मी रक्कम, म्हणजे २,४०० रुपये, वर्षभर अडकून पडते. ठेवीवर ६ टक्के व्याज मिळाले असते असे धरल्यास १४४ रुपये गेले. कीड व ओल यांमुळे दोन किलो तांदूळ वाया गेला तर आणखी ९६ रुपये गेले. तरीही १६० रुपये निव्वळ बचत उरते. म्हणजे जुनी पद्धत शहाणपणाची होती.

आता समजा, ही रक्कम घरात नव्हती व ती दरमहा शेकडा २ रुपये व्याजाने उसनी आणली. रक्कम हळूहळू फेडली, तरी सरासरी २,४०० रुपयांवर वर्षाचे व्याज ५७६ रुपये होते. नासाडीचे ९६ रुपये धरता ४०० रुपयांची बचत पुसली जाऊन २७२ रुपयांचा तोटा झाला. तोच तांदूळ, तोच बाजार. एका घरास बचत व दुसऱ्यास तोटा. निर्णय भावावर नव्हे, तर पैसा कोठून आला यावर ठरला. नववीच्या मुलास हे एकदा वहीवर करून दाखविले की ‘भांडवलाचा खर्च’ ही संज्ञा पुन्हा शिकवावी लागत नाही.

*हप्त्याचे गणित :* दुचाकीसाठी ६०,००० रुपयांचे कर्ज तीन वर्षांसाठी ‘१० टक्के सरळ दराने’ मिळते, अशी जाहिरात असते. सरळ दरात मूळ रकमेवरच तीनही वर्षे व्याज आकारले जाते. व्याज १८,००० रुपये, एकूण परतफेड ७८,००० रुपये आणि मासिक हप्ता सुमारे २,१६७ रुपये होतो. परंतु दर महिन्यास मुद्दल कमी होत असते. तिसऱ्या वर्षी कर्जदाराकडे ६०,००० रुपये नसतातच. घटत्या शिल्लक रकमेवर हिशेब केला तर हा दर सुमारे १८ टक्के पडतो. हेच कर्ज घटत्या शिल्लक पद्धतीने १० टक्क्यांनी मिळाले असते, तर हप्ता सुमारे १,९३६ रुपये आणि एकूण व्याज सुमारे ९,७०० रुपये झाले असते. दोन्हीकडे कागदावर ‘१०’ हाच आकडा. फरक मात्र ८,३०० रुपयांचा. कर्जदाराने विचारावयाचा प्रश्न एकच : “हा दर सरळ आहे की घटत्या शिल्लक रकमेवर?”

*विजेचे एकक :* १,००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. ६० वॅटचा जुना दिवा रोज पाच तास लावला तर महिन्यास ९ युनिट. तेवढाच प्रकाश देणारा ९ वॅटचा एलईडी दिवा वापरल्यास १.३५ युनिट. दोन हजार वॅटचा गिझर रोज अर्धा तास चालविला तर महिन्यास ३० युनिट. विद्यार्थ्याने घरातील प्रत्येक उपकरणाची अशी यादी करून बिलाशी ताळा करावा. फरक राहिला तर त्याचे कारण शोधावे. भौतिकशास्त्रातील ‘शक्ती’ आणि ‘ऊर्जा’ यांमधील भेद यापेक्षा स्पष्टपणे कोणत्या प्रयोगात समजेल?

आहार व आरोग्याचे शिक्षणही याच पद्धतीने व्हावे. अतिसार झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ मिसळून जलसंजीवनी तयार करता येते. हे प्रमाण प्रत्येक मुलामुलीस हाताने करून माहीत असावे, कारण मीठ अधिक पडल्यास ते अपायकारक ठरते. डाळी-भाज्यांतील लोह शरीरात शोषले जाण्यास लिंबू, आवळा यांतील ‘क’ जीवनसत्त्व साहाय्य करते, तर जेवणाबरोबर घेतलेला चहा अडथळा आणतो. जेवणात लिंबाची फोड घेणे आणि चहा तासभर पुढे ढकलणे, या दोन सवयींना जवळपास काहीच खर्च येत नाही.

नवी धोरणे, जुनी सावधगिरी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा ‘दप्तराविना दिवस’ सुचविले आहेत. या काळात सुतार, माळी, कुंभार यांसारख्या स्थानिक कारागिरांकडे मुलांनी काम शिकावे, अशी अपेक्षा आहे. २०२३ च्या शालेय शिक्षण आराखड्यात कामाचे तीन प्रकार मांडले आहेत : सजीवांसह काम, यंत्रे व साहित्य यांच्यासह काम आणि मानवी सेवेतील काम. त्यानुसार ‘एनसीईआरटी’ने सहावीपासून ‘कौशल बोध’ ही कृतिपुस्तके आणली आहेत. स्वयंपाक, शुश्रूषा, पाहुण्यांची व्यवस्था यांस ‘मानवी सेवा’ म्हणून दोघांच्याही अभ्यासक्रमात स्थान मिळाले, हे योग्यच झाले.

तथापि, धोरणाचा कागद आणि शाळेचे वेळापत्रक यांमध्ये पूर्वीही अंतर होते. दप्तराविना दिवस हा सहलीचा दिवस ठरू शकतो. म्हणून इतिहासाने दिलेल्या कसोट्या लावून पाहाव्यात. कामास वेळापत्रकात निश्चित दिवस आहे काय? त्यास गुण आहेत काय? ते मुलगे व मुली दोघेही करतात काय? ते कोणाच्या तरी खऱ्या उपयोगाचे आहे काय? आणि त्याचा हिशेब लिहिला जातो काय? या पाचांपैकी एकही कसोटी सुटली, तर कार्यानुभवाची तोरणे पुन्हा प्रदर्शनात लटकू लागतील.

शाळेसाठी वर्षभराच्या दहा कृती

१. घरातील एका महिन्याचा जमाखर्च लिहिणे व खर्चाचे आवश्यक, टाळता येण्याजोगा आणि अनपेक्षित असे वर्गीकरण करणे. (घरची रक्कम वर्गात जाहीर करण्याची सक्ती नसावी, टक्केवारी पुरेशी आहे.)

२. ठोक बाजारास भेट देऊन पाच वस्तूंच्या ठोक व किरकोळ भावांचा तक्ता करणे.

३. वेष्टनावरील वजन, कमाल किरकोळ किंमत, उत्पादन व मुदत दिनांक वाचून प्रति किलो भाव काढणे.

४. चाळीस मुलांसाठी पौष्टिक अल्पोपाहार तयार करून दरडोई खर्च काढणे.

५. वीजबिलाचा ताळा करणे व फ्यूज, प्लग, स्विच यांची सुरक्षित हाताळणी शिकणे.

६. बटण लावणे, उसवलेली शिवण घालणे, इस्त्री करणे. ही कृती मुलग्यांसाठीही अनिवार्य असावी.

७. जलसंजीवनी, प्रथमोपचार व ताप मोजणे.

८. गळका नळ दुरुस्त करणे व एका दिवसात वाया जाणारे पाणी मोजणे.

९. बँकेत पैसे भरणे, धनादेश लिहिणे व पासबुकातील नोंदी वाचणे.

१०. फसवणुकीचा दूरध्वनी ओळखण्याचा सराव करणे व १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक पाठ करणे.

बँकेचा वाटा

रिझर्व्ह बँकेच्या २०२५ मधील सूचनांनुसार दहा वर्षे पूर्ण झालेल्या अज्ञान मुलांना, बँकेने आपल्या धोरणानुसार ठरविलेल्या मर्यादेत, स्वतःच्या नावे बचत वा मुदत ठेव खाते उघडून ते स्वतः चालविता येते. त्याहून लहान मुलांचे खाते पालकांमार्फत उघडता येते व आईलाही पालक म्हणून खाते उघडण्याचा अधिकार आहे. अज्ञानाच्या खात्यात शिल्लक रकमेपेक्षा अधिक पैसे काढता येत नाहीत, त्यामुळे शिकण्यासाठी हे सुरक्षित साधन आहे. मूल सज्ञान झाल्यावर नवी स्वाक्षरी व आवश्यक कागदपत्रे द्यावी लागतात, हे मात्र पालकांनी ध्यानी ठेवावे.

खाते उघडून दिले म्हणजे शिक्षण झाले, असे नव्हे. शाखेतील सहकाऱ्यांनी वर्षातून एखाद्या दुपारी जवळच्या शाळेच्या नववीच्या वर्गास शाखेत बोलवावे. भाषणापेक्षा प्रत्येक मुलाच्या हाती भरणा-चिठ्ठी द्यावी, ‘नमुना’ असा शिक्का मारलेला धनादेश लिहून घ्यावा, तिजोरीस दोन किल्ल्या का असतात हे सांगावे, ठेवीवरील विमासंरक्षण पाच लाख रुपयांपर्यंत आहे म्हणजे काय हे समजावावे. पालकांनीही खात्यात दरमहा ठराविक रक्कम भरताना मुलासच पाठवावे आणि पासबुकातील व्याजाची नोंद त्याच्याकडूनच वाचून घ्यावी. पन्नास रुपयांच्या व्याजाची ती नोंद कशी आली, हे त्याने वहीवर करून दाखविले, की आठवीतील सूत्र त्याचे स्वतःचे झाले असे समजावे.

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते. परंतु अंथरूण मोजावे कसे, ते वाढवावे कसे आणि फाटले तर शिवावे कसे, हे शिकविण्याची जबाबदारी घर शाळेवर ढकलते व शाळा घरावर. वर्धा, रायपूर व पाबळ यांचा अनुभव सांगतो की हे शिक्षण शाळेत देता येते. त्यासाठी आठवड्यातील एक दिवस, गावातील दोन जाणती माणसे आणि हिशेबाची एक वही लागते. ही वही येत्या शैक्षणिक वर्षात आपल्या मुलांच्या दप्तरात असावी, यासाठी आपल्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी प्रत्येक पालकाने अवश्य बोलावे.